बहात्तरची दुसरी बरणी

सांगवीच्या रेणुकादास वैद्याला कुणी 'पिता का हो?' असं विचारलं असतं, तर त्यानं त्या माणसाला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. संध्या करणारा माणूस. कपाळाला गंध, खांद्यावर पंचा, तीन पिढ्यांचं वैद्यकीचं घर. पण दरवर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी त्याच्या ओसरीवर जे चालायचं, त्याला दुसरं काय नाव द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

व्हायचं असं, की त्याचे दोन जिवाभावाचे मित्र दिवेलागणीला जेवायला यायचे. एक आडत दुकानवाला गुरुबसप्पा आणि दुसरे शाळेचे हेडमास्तर शिवमूर्ती गुरुजी. वैद्याची बायको सुमनबाई धपाटे, भरली वांगी, येसराची आमटी असा बेत करायची. जेवण अर्ध्यावर आलं की रेणुकादास आतून बरण्या आणायचा. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर साल. आत द्राक्षासव.

द्राक्षासव हे औषध आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मनुका पाण्यात उकळायच्या, चार घागरी पाण्याची एक घागर होईपर्यंत आटवायच्या. मग त्यात गूळ, मध आणि आंबण्यासाठी धायटीची फुलं घालून ते सगळं आतून तूप चोळलेल्या रांजणात भरायचं, तोंडाला कापड बांधून वरून चिखल लिंपायचा आणि रांजण ज्वारीच्या कणगीत पुरून टाकायचा. महिनाभरानं काढलं की झालं. भूक लागते, अंगात बळ येतं, बाळंतिणीला तर अमृतच. आणि जितकं जुनं तितकं गुणाचं. नशा? छे, औषधाला कुठं नशा असते! फक्त तिसऱ्या पळीनंतर गुरुबसप्पा कानडीत बोलायला लागायचा.

खेळ असा होता की डोळे मिटायचे, रेणुकादास पळीनं वाटीत ओतणार, मित्रांनी चव घ्यायची आणि साल ओळखायचं. अडुसष्टचं जरा आंबूस, कारण त्या वर्षी गूळ खारवट निघाला. सत्तरचं तुरट. पंचाहत्तरचं चांगलं पण पोरकट, असं गुरुजी म्हणायचे. मित्र चुकायचे, रेणुकादास कधी चुकायचा नाही. आपली जीभ खोटं सांगत नाही, असं तो छातीला हात लावून म्हणायचा.

आणि शेवटी निघायचं बहात्तर. ते ओळखायला डोळे मिटायची गरजच नव्हती. काळंभोर, दाट, जिभेवर ठेवलं की घशापर्यंत ऊब पसरत जायची. गुरुबसप्पा वाटी कपाळाला लावायचा. "तीर्थ आहे रे वैद्या, तीर्थ! गोदामाईचं पाणी आहे, उगंच नाही."

हे गोदामाईचं असं होतं, की रेणुकादास दर दसऱ्यानंतर नांदेडला बहिणीकडे जायचा, गोदावरीचं पाणी दोन डब्यांत भरून एस.टी.च्या टपावर टाकायचा आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत सांगवीला आणायचा. आसवाला दुसरं पाणी त्याला चालायचं नाही. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं.

बहात्तरचं पाणी मात्र गोदेचं नव्हतं. हे पुरतं तिघांनाच माहीत होतं. एक रेणुकादास, दुसरी सुमनबाई, आणि तिसरीचं नाव पारूबाई.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी बघितला त्यांना मी काय सांगायचं, आणि ज्यांनी नाही बघितला त्यांना सांगून काय कळणार? रेणुकादास दसऱ्यानंतर नांदेडला गेला खरा, पण येताना एस.टी.वर माणसंच टपापर्यंत लटकलेली. कामाच्या शोधात निघालेली कुटुंबंच्या कुटुंबं. कंडक्टर म्हणाला, "अहो काका, माणसं टपावर चढवून राहिलो मी, तुमचं पाणी कुठं ठेवू? डोक्यावर?" डबे बहिणीच्या दारात ठेवून तो रिकाम्या हातानं आला.

सांगवीत वरच्या आळीच्या तिन्ही विहिरी आटलेल्या. टँकर आठवड्यातून दोनदा, तोही आला तर आला. पाणी होतं ते एकाच विहिरीत, खालच्या अंगाला, बौद्धवाड्याच्या. तिच्या कपारीत एक बारीक झरा जिवंत होता. वाड्यातल्या लोकांनी आपसांत कायदा करून टाकला होता, घरटी दिवसाला दोन घागरी, जास्त नाही. वरच्या आळीचे काही गडी पहाटे गुपचूप यायचे, हाता-पाया पडून घागर-दोन घागरी न्यायचे. त्यांचे मालक दिवसा तिकडं बघतसुद्धा नसत.

रेणुकादास तेव्हा खडीच्या दुष्काळी कामावर मलमपट्टीला जायचा. तिथं पारूबाई बायकांच्या टोळीची मुकादमीण. काळी, काटक, आवाज असा की खडी फोडणाऱ्या शंभर बायका गप्प व्हाव्यात. एका दुपारी तो तिला म्हणाला, "पारूबाई, मला आठ घागरी पाणी पाहिजे."

ती हसलीच. "आठ? वैद्यबुवा, झोपंत हाव का जागं?"

"एकदाच. औषध करायचंय. मनुका घरात आहेत, गूळ आहे, पाणी नाही. महिन्या-दीड महिन्यात उतरेल. निम्मं तुमच्या वाड्याचं. बाळंतिणी आहेत, म्हातारी माणसं आहेत, सरकारी सुकडीवर किती दिवस काढणार? चमचा चमचा घेतलं तरी उभी राहतील. माझा शब्द."

त्या घडीला त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, एवढं त्याच्या बाजूनं बोललं पाहिजे. पारूबाईनं त्याच्याकडं बघितलं, ओठ मुडपले आणि म्हणाली, "इचारते."

तिनं सात घरं फिरून विचारलं, आठवं तिचं स्वतःचं. आठ घरांनी एक-एक घागर दिली. म्हणजे त्या दिवशी आठ घरं निम्म्या पाण्यावर राहिली. शेवटच्या खेपेला पारूबाईबरोबर तिची अकरा वर्षांची पोरगी आली होती, पंचशीला. तिच्या डोक्यावर कळशी. हिंदकळू नये म्हणून ती मान ताठ धरून चालत होती. हंड्यात पाणी ओतून झाल्यावर तिनं विचारलं, "काका, माज्या आजीला मिळंल का औषध? तिला दम लागतो."

"तुझ्या आजीला पहिला चमचा," रेणुकादास म्हणाला.

मग परसात हंड्याखाली जाळ पेटला. सुमनबाई लाकडं सारत होती. आठ घागरींच्या दोन घागरी होईतो उकळायचं, म्हणजे सहा घागरींची वाफ. ती वाफ वर जाताना बघून सुमनबाई म्हणाली, "आभाळ आपल्याला थेंब देईना, आणि तुम्ही त्याला सहा घागरी पाठवून राहिलात." रेणुकादास हंडा ढवळत राहिला. कणगीत त्या वर्षी ज्वारी कुठली? रेशनची परदेशी लाल मिलो होती, तीही पोतंभर. रांजण त्यानं भुशात पुरला.

दीड महिन्यानं चिखल फोडला, कापड सोडलं आणि पळीभर जिभेवर ठेवलं. तिथंच घोळ झाला. असं आसव त्याच्या बापाच्या हातूनही कधी उतरलं नव्हतं. त्या झऱ्याच्या पाण्याचा गुण म्हणा, भुशाची ऊब म्हणा. तो अर्धा तास रांजणापाशी बसून राहिला. हे आता चमच्या-चमच्यानं वाटून टाकायचं? पाच वर्षं मुरलं तर काय होईल याचं!

त्यानं ते दोन बरण्यांत भरलं. एक आपली, एक वाड्याची. वाड्याच्या बरणीचं तोंड मेणानं बंद केलं. चार दिवसांनी पारूबाई दारात आली. "उतरलं का वो?"

"अजून नाही. मुरतंय."

पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा ती आली नाही. पुढं पाऊस झाला, विहिरी भरल्या, खडीचं काम बंद पडलं. विसरली असेल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. आपल्याला सोयीचं असलं की दुसऱ्याचा विसराळूपणा आपण किती पटकन मान्य करतो!

पहिली बरणी मित्रांच्या जेवणांत आणि तहसीलदाराच्या सासूसारख्या बड्या लोकांत संपत गेली. कुणी पाणी कुठलं म्हणून विचारलं की तो म्हणायचा, गोदेचं. खालच्या विहिरीचं म्हणालो तर गुरुबसप्पा वाटी बाजूला सारील ही भीती. दुसऱ्या बरणीला त्यानं हात लावला नव्हता. फडताळात मागं ती तशीच होती. ती आहे तोवर आपण चोर नाही, उशीर झालाय एवढंच, असं त्याचं चाललं होतं. दहा वर्षं चाललं.

आता ब्याऐंशीचं साल. पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेला खेटे घालायची कटकट गेली म्हणून गुरुबसप्पानं दुकानात पेढे वाटले. नव्या जिल्ह्याला नवी माणसं हवी होती, आणि सांगवीतून पहिली लागली ती पारूबाईची पंचशीला. जिल्हा परिषदेत लेखनिक. शिवमूर्ती गुरुजींची विद्यार्थिनी, त्यामुळं त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

"वैद्या, यंदा दिवाळीच्या जेवणाला पोरीला बोलवू. तिचा सत्कार समज," गुरुजी म्हणाले.

रेणुकादासला फडताळातली बरणी आठवली. पण नाही कसं म्हणणार, आणि कोणत्या तोंडानं? "बोलवा की," तो म्हणाला. आणि लगेच त्याला वाटलं, अकरा वर्षांची होती, तिला काय आठवतंय!

रविवारी ती आली. निळी साडी, खांद्याला पर्स, हातात सुमनबाईसाठी फुलवाती. गुरुजींच्या पाया पडली, सगळ्यांना नमस्कार केला. पानं मांडली. गुरुबसप्पा नेहमीसारखा आधी म्हणाला, "मला भूक नाही," आणि पाच धपाटे खाल्ले. लातूरच्या कचेरीत टेबलं कमी आणि साहेब जास्त, अजून फायलींना कपाटं आली नाहीत, असल्या गोष्टी पंचशीला सांगत होती आणि सगळे हसत होते. रेणुकादासही हसत होता. त्याला हायसं वाटत होतं.

मग बरण्या निघाल्या. अठ्ठ्याहत्तर, पंचाहत्तर, सत्तर. पंचशीलेला खेळ समजावून सांगितला, तिनंही डोळे मिटून साल सांगायचा प्रयत्न केला आणि चुकली. गुरुबसप्पा खूश. "पोरी, याला जन्म जावा लागतो! आता बघ, आता खरं तीर्थ. वैद्या, बहात्तर काढ."

"ते संपलं," रेणुकादास म्हणाला. पहिल्या बरणीतलं खरंच संपलं होतं.

"काय फेकून राहिलास! फडताळात मागं दुसरी आहे. मी गेल्या साली माझ्या डोळ्यांनी बघितली. मेणानं बंद केलेली. कुणासाठी ठेवली आहेस, जावयासाठी?"

"अहो, राहू द्या आज..."

"आज नाही तर कधी? गावाला जिल्हा मिळाला, जिल्ह्याला पोरगी मिळाली! आण." आणि तो स्वतःच उठायला लागला.

एवढ्या एका गोष्टीवर सगळं येऊन ठेपलं होतं. नाही म्हणायला तीन अक्षरंसुद्धा लागत नाहीत. पण नाही म्हटलं तर का म्हणून विचारणार, आणि ते का तो कसं सांगणार? रेणुकादास उठला. स्वयंपाकघराच्या दारात सुमनबाई आमटीचं पातेलं हातात घेऊन उभी होती. तिनं नुसतं बघितलं. तो तिच्या बाजूनं आत गेला, फडताळातून बरणी काढली, बाहेर आणली आणि सगळ्यांसमोर सुरीनं मेण कापलं.

वास ओसरीभर पसरला. गुरुजींनी डोळे मिटले. त्यानं चार वाट्यांत ओतलं.

पंचशीलेनं वाटी ओठाला लावली. हळूहळू प्याली, सगळी. मग खाली ठेवून म्हणाली, "गोड आहे." थोडं थांबून तिनं विचारलं, "हे कुठल्या पाण्याचं, काका?"

"गोदेचं!" गुरुबसप्पानं वाटी कपाळाला लावली. "नांदेडहून आणतो हा, डबे भरून. सांग की रे वैद्या."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. तीही बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. परीक्षेला बसलेल्या पोराकडं मास्तर बघतात, जमेल का याला, तसं ती बघत होती.

"हो," रेणुकादास म्हणाला. "गोदेचं."

आत पातेलं जोरात आदळल्याचा आवाज आला.

"असं होय," पंचशीला म्हणाली आणि पानातला उरलेला भात संपवायला लागली. त्यानंतर ती गुरुजींशी बदलीचं, पगाराचं बोलली, सुमनबाईला आमटीत काय घातलं ते विचारलं. कुणाला काही कळलं नाही. तिनं एका शब्दानं त्याला उघडा पाडला असता. पाडला नाही. रेणुकादासला वाटलं, पाडला असता तर बरं झालं असतं, माणूस निदान पडून तरी मोकळा होतो.

जाताना पायरीवर ती चप्पल घालत होती. तो पोचवायला आलेला. मित्र आत पान खात होते. ती खाली बघतच, हळू आवाजात म्हणाली, "आजी दीड वर्ष विचारायची, काका. उतरलं का वैद्याचं? शेवटच्या आठवड्यातसुद्धा. आईला विचारायची, मला विचारायची. चव कशी असंल गं, म्हणायची." मग पदर सावरला. "येते."

तो आत येऊन रिकाम्या वाट्या गोळा करायला लागला.

सकाळी चहाचा कप सुमनबाईनं त्याच्यापुढं आपटून ठेवला. "जीभ खोटं सांगत नाही म्हणता ना? काल काय झालं होतं तिला?"

"गुरुबसप्पा समोर होता."

"पारूबाई समोर नव्हती म्हणून निभावलं. लाज वाटते मला तुमची. त्या पोरीच्या पानात वाढताना मला तिच्याकडं बघवत नव्हतं." ती उठून गेली. बत्तीस वर्षांच्या संसारात ती त्याला असं कधी बोलली नव्हती.

त्यानं अंगात सदरा घातला, बरणी पंच्यात बांधली, काखेत घेतली आणि भर दिवसा वरच्या आळीतून खाली निघाला. बौद्धवाड्याला आता भीमनगर अशी पाटी लागली होती. विहिरीशेजारी सरकारी हापसा बसला होता, तिथं बायकांची गर्दी. तो मान खाली घालून पुढं गेला.

पारूबाई दारात शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "या, वैद्यबुवा. पोरगी सकाळच्या गाडीनं गेली लातूरला. काल लई मान केलाव म्हनं तिचा."

त्यानं पंचा सोडून बरणी तिच्यासमोर ठेवली. "तुमची आहे. बहात्तरची. निम्मी." त्यानं मेणाच्या कापलेल्या कडेवर बोट ठेवलं. "काल मी मेण फोडलं. चार वाट्या गेल्या. बाकी आहे तशी आहे. पारूबाई, मी... मला लाज वाटते."

ती बरणीकडं बघत राहिली. मग पटकन उठली, बाहेर डोकावली आणि पंचा बरणीवर टाकला. "झाका ते आधी. आन न्या परत."

"अहो, पण..."

"न्या म्हनते ना! मी वाड्यात सांगितलंय, वैद्याची बरनी फुटली. औषध मातीत गेलं. दहा वरसं झाली त्याला. आता ही हितं दिसली तर मी खोटी."

रेणुकादासला काही उमजेना. "तुम्ही असं का सांगितलंत? माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी?" ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "तुमी कोन माझे! आठ घरांनी माझ्या सबुदावर पानी दिलं होतं. समदे इचारायचे, पारू, कुठाय औषध? वैद्यानं फसवलं म्हनलं आसतं, तर त्या दुष्काळात पुन्हा कुनी कुनाला घागर दिली नसती. न्हाई वरच्या आळीला, न्हाई एकमेकाला. म्हनून म्हनलं, फुटली. बिचाऱ्याच्या हातून पडली. माझ्या सासूला बी तेच सांगितलं. पर तिला पटलं न्हाई. शेवटपरेंत इचारत गेली."

दहा वर्षं तो आपली अब्रू राखण्यासाठी खोटं बोलत होता, आणि इकडं ही बाई आठ घरांत एकमेकांचा भरवसा राहावा म्हणून खोटं बोलली होती. त्याच्या खोट्याचं ओझं तिनं वाहिलं, स्वतःच्या सासूसमोरसुद्धा. तो मात्र मित्रांना वाटी कपाळाला लावू देत होता.

त्यानं बरणी काखेत घेतली आणि बाहेर पडला. हापशापाशी आला तेव्हा भागाबाई नावाच्या बाईनं हटकलं. "काय न्यायलाव वो वैद्यबुवा, पंच्यात?"

पुढं जाता आलं असतं. चूर्ण आहे, म्हटलं असतं तरी भागलं असतं. रेणुकादास थांबला. त्यानं बरणी हापशाच्या ओट्यावर ठेवली आणि पंचा काढला.

"बहात्तरचं औषध आहे," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला, म्हणून परत मोठ्यानं म्हणाला. "तुमच्या आठ घरांच्या पाण्याचं. बरणी फुटली नव्हती. फुटली असं पारूबाईला मीच सांगितलं होतं. ती माझ्या शब्दावर राहिली. मला द्यायचं नव्हतं. चव चांगली उतरली, म्हणून मी ठेवून घेतलं."

हापशाचा दांडा थांबला. पारूबाई दारात येऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं त्याला खोटं पाडलं नाही.

भागाबाईनं हाताची ओंजळ पुढं केली. त्यानं बरणीतून थोडं तिच्या ओंजळीत ओतलं. ती प्याली, हात चाटला. "गोड हाय," ती म्हणाली. "तवा मी बाळंतीन होते. दूध आटलं होतं मला. पोरगं आता चौथीत हाय." तिनं हात पदराला पुसला आणि आपली कळशी भरायला लागली. तिनं शिवी दिली असती तर रेणुकादासला घरापर्यंत चालणं सोपं गेलं असतं.

गावात बातमी त्याच्याआधी पोचली. गुरुबसप्पानं दुकानातूनच हाक मारली. "काय रे, गोदा भीमनगरातून वाहते म्हणे?"

रेणुकादास पायरीशी उभा राहिला. "दहा वर्षं तुला त्याच विहिरीचं पाणी पाजलं. खोटं बोलून पाजलं. काय बोलायचं ते बोल."

गुरुबसप्पानं हातातलं वजन पारड्यात ठेवलं. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "बहात्तरला आमच्या घरातही तेच यायचं. पहाटे गडी आणायचा. मी टँकरचं म्हणून सांगत होतो." त्यानं तराजूची दोरी उगाच सारखी केली. "जा आता. डोकं खाऊ नको."

पुढच्या दसऱ्याला रेणुकादास नांदेडला गेला नाही. मनुका आणल्या, गूळ आणला, धायटीची फुलं आणली. मग रिकामी घागर घेऊन खाली गेला आणि पारूबाईच्या दारात उभा राहिला. आता पाण्याला काही तोटा नव्हता, हापसा होता, विहीर भरलेली होती. हापशावरून त्याला कुणी अडवलं नसतं. पण त्याला पाणी मागून पाहिजे होतं.

"आठ घागरी लागतील," तो म्हणाला. "औषध उतरलं की आधी इथं येईल. सगळं."

पारूबाईनं त्याच्या हातातली घागर घेतली, आत जाऊन भरून आणली आणि उंबऱ्यावर ठेवली.

"ही माझ्या घरची," ती म्हणाली. "बाकीच्या सात घरांना मी इचारनार न्हाई. तुमीच जा. सबूद तुमचा हाय, तुमीच द्या."

रेणुकादासनं घागर उचलून भिंतीकडेला ठेवली. शेजारचं दार भागाबाईचं होतं. तिथवर दहा पावलं होती. तो गेला, कडी वाजवली, आणि आतून "कोन हाय?" असं आल्यावर काय बोलायचं ते ठरवत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "मी वैद्य. पाणी मागायला आलोय."